गोदावरी की मायरा?

प्रश्न : काकू, सप्रेम नमस्कार. तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या आहात, म्हणून मला अहो-जाहो करू नका. आमची मुलगी दहा महिन्यांची झाली आणि तिला अजून नाव नाही. म्हणजे बारसं झालंय, पण नाव नाही. माझं माहेर इचलकरंजीचं, सासर सिन्नरचं, आणि आम्ही दोघं नोकरीसाठी नाशिकला असतो. दिवस राहिल्यापासून माझ्या मनात 'मायरा' होतं. नवऱ्याला त्याच्या आजीचं नाव ठेवायचंय, 'गोदावरी'. त्याची आई दिवसभर शेतात असायची, त्याला वाढवलं ते आजीनं. आमचं बोलणं अर्धवट असतानाच बाराव्या दिवशी बारसं ठरलं. पाळणा म्हणून झाला, नणंद वाकली, बाळाच्या कानात 'कुर्र्र' केलं आणि 'गोदावरी' म्हणून मोकळी झाली. सगळ्यांनी घुगऱ्या घेतल्या आणि मी आत जाऊन रडले. त्यानंतर मी हट्टानं ते नाव कुठे लावूच दिलं नाही. आता घरात सगळे 'छकू' म्हणतात. लसीच्या कार्डावर अजून 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव. जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी. बहीण म्हणते, दोघांच्या नावातली अक्षरं जोडून काहीतरी करा. नवरा म्हणतो, 'तुला माझ्या आजीचं नाव गावंढळ वाटतं.' तसं नाहीये हो काकू. आता नावाचा विषय निघाला की दोन-दोन दिवस अबोला. वर्षाच्या आत नाव लावावं लागतं असं ऐकलं, त्याचीही धास्ती आहे. काय करू?
— छकूची आई, नाशिक

उत्तर : आधी तारखेचं सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. जन्माची नोंद झालेली आहे, फक्त नाव कोरं आहे. अशा वेळी नोंदीच्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत नाव लावलं तर शुल्क पडत नाही. त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून लावता येतं. म्हणजे वर्ष उलटलं म्हणून आभाळ कोसळणार नाही. उलट मला भीती दुसरी वाटते. वैतागून, 'लाव बाबा काय लावायचं ते' म्हणून एखाद्या दुपारी नाव लावून याल. नोंदवहीत एकदा लिहिलेलं नाव कुणी पुसत नाही. चूक झाली असेल तर मूळ नोंद तशीच ठेवून समासात दुरुस्ती लिहितात. आणि मन बदललं याला चूक धरत नाहीत, त्याला मग राजपत्रात नाव बदलून घेण्याची वाट आहे. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. तेव्हा रुसव्यात नाव लावू नका, एवढं पहिलं.

मी तेहतीस वर्षं नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर होते. हातानं नोंदवह्या भरायचो तेव्हापासून ते संगणक आला तिथपर्यंत. खिडकीशी बहुतेक बाप यायचे. शर्टाच्या खिशातून घामानं ओली झालेली चिठ्ठी काढायचे, त्यावर बायकोच्या अक्षरात एक नाव असायचं. मी लिहायला घेतलं की म्हणायचे, 'थांबा मॅडम, जरा विचारतो,' आणि बाहेर जाऊन फोन लावायचे. त्या फोनवर पाच मिनिटं काय बोलणं व्हायचं ते मला खिडकीतून ऐकू यायचं नाही, पण परत आल्यावर चेहऱ्यावरून कळायचं. कुणी हसत यायचा. कुणी चिठ्ठीतलं नाव सोडून भलतंच सांगायचा, आणि मग माझाच हात अडखळायचा.

जुन्या नोंदवह्यांत मी 'नकुसा' वाचलेलं आहे, 'धोंडी' वाचलेलं आहे. साताऱ्यात २०११ साली जिल्हा परिषदेनं 'नकुशी' नावाच्या २८५ मुलींची नावं बदलली, तेव्हा त्या मुलींनी स्वतः नवी नावं निवडली होती. ती बातमी मी टेबलावर बसून वाचली आणि त्या दिवशी माझ्याच्यानं काम झालं नाही. म्हणून मुलीच्या नावावरून आईबाप भांडतात असं कुणी सांगितलं की मला मनापासून बरं वाटतं. तुमच्या छकूचं नाव दोघांनाही इतकं महत्त्वाचं वाटतंय, ही चांगलीच गोष्ट आहे. हे तुम्ही दोघांनी एकदा एकमेकांना म्हणूनही दाखवा.

आता पत्राचं. ते मी तीनदा वाचलं. गोदावरी का, हे त्यात आहे. नवऱ्याला आजीनं वाढवलं. मायरा का, हे मात्र कुठेच नाही. दिवस राहिल्यापासून मनात होतं, एवढंच. आणि ज्या ओळीवर तुझं अक्षर बदललंय, पेन दाबून लिहिलंयस, ती ओळ बारशाची आहे. म्हणून तुला सरळ विचारते. तुला 'गोदावरी' नकोय, की तुला न विचारता ठेवलेलं नाव नकोय? हे उत्तर मला कळवू नकोस, नवऱ्याला सांग. त्याला वाटतंय तू त्याच्या आजीला नाकारतेस. तुला डावललं गेलं हे त्याला बहुधा कळलेलंच नाही, कारण त्या दिवशी तू आत जाऊन रडलीस आणि तो बाहेर पाहुण्यांना पेढे देत असणार.

न बोलता सोडून दिलं तर काय होतं, हे मी माझ्या घरात पाहिलंय. माझी लेक १९८८ च्या पावसाळ्यातली. मला तिचं नाव 'मुक्ता' ठेवायचं होतं. आमच्या ह्यांनी दुसरं ठरवलं. ते इथे लिहीत नाही, लेकीला आवडणार नाही. मी एका शब्दानं बोलले नाही. दिवसभर लोकांच्या मुलांची नावं लिहायची आणि स्वतःच्या मुलीच्या नावाला तोंड उघडायचं नाही, असं माझं झालं होतं. समजूतदारपणा म्हणतात त्याला. पण ते नाव माझ्या तोंडी कधी बसलंच नाही. मी तिला 'बाळ' म्हणायचे, 'ए पोरी' म्हणायचे, 'राणी' म्हणायचे. ती तिसरीत असताना एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते, ती शेजारी बसून मेथीच्या काड्या मोडत होती. मान वर न करता म्हणाली, 'आई, तू मला माझ्या नावानं का नाही हाक मारत?' मला उत्तर देता येईना. रात्री ह्यांना सांगितलं, सगळं, मुक्तासकट. ते कितीतरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'मला ते नाव ऑफिसातल्या कुणीतरी सुचवलं होतं. माझा काही फार हट्ट नव्हता. तू बोलली का नाहीस?' आठ वर्षं माझ्या घशात अडकलेलं नाव त्यांच्या दृष्टीनं कुणीतरी सुचवलेलं होतं. म्हणून माझं पहिलं मागणं आहे की तुम्हा दोघांपैकी कुणीही हरून 'हो' म्हणू नये. नाव कुणाचं का राहीना, ते दोघांच्या तोंडी बसलं पाहिजे. रोज शंभर वेळा घ्यायचंय ते.

दुसरी गोष्ट तुझ्या नवऱ्यासाठी आहे, त्याला हा भाग वाचून दाखव. गोदावरी हे आजीचं कुठलं नाव? माहेरचं की सासरचं?

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत घरोघर होती. ताटात तांदूळ पसरायचे, नवरदेवानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, की जुनं संपलं. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. बाया कर्वे आधीच्या गोदूबाई, १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. ही मोठी माणसं, म्हणून आपल्याला त्यांची आधीची नावं माहीत तरी आहेत. घरातल्या बायांची कोण लक्षात ठेवतो?

माझी आई जन्मभर 'सुशीला' होती. शिधापत्रिकेवर सुशीला, बँकेत सुशीला, वडिलांच्या हाकेत तर नावच नसायचं. वडील गेल्यावर पेन्शनच्या कागदांसाठी तिच्या वयाचा पुरावा हवा होता, म्हणून मी तिच्या माहेरच्या गावी शाळेत गेले. गुरुजींनी जुनं रजिस्टर काढलं. पानं पिवळी पडलेली, कडा उंदरानं कुरतडलेल्या, शाई तपकिरी झालेली. आजोबांच्या नावापुढं मुलीचं नाव होतं 'चंद्रभागा'. मी दाखला घेऊन घरी आले आणि आईला वाचून दाखवला. ती तेव्हा एकाहत्तर वर्षांची. ओट्याशी पाठमोरी उभी होती. 'चंद्रभागा' म्हटल्याबरोबर जी वळली, ती बाई मी त्याआधी कधी पाहिलेली नव्हती. म्हणाली, 'आता या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही.' मी विचारलं, तू आम्हाला कधी सांगितलं का नाहीस? म्हणाली, 'तुम्ही विचारलं नाहीत.'

तेव्हा नवऱ्यानं सिन्नरच्या घरी, नाहीतर आजीच्या भावाकडच्या माणसांना विचारावं. शाळेचा दाखला असेल तर बघावा, नसेल तर एखाद्या म्हाताऱ्या नातेवाइकाला फोन लावावा. गोदावरी हेच माहेरचं निघालं तर उत्तम. दुसरं काही निघालं तर कदाचित तुमचं भांडणच बदलेल. जिनं त्याला वाढवलं, तिला लहानपणी कुठल्या नावानं हाक मारायचे हे त्याला कळेल, आणि ते नाव तुम्हा दोघांनाही नवं असेल. त्यावर कुणाचीच मालकी नसेल.

आता मायराबद्दल. त्या नावाला मी नावं ठेवणार नाही. ऐकायला गोड आहे, हाक मारायला सोपं आहे. निवृत्तीच्या आधीची काही वर्षं माझ्या खिडकीशी मायरा, कियारा, अनायरा अशीच नावं यायला लागली होती, जशी त्याच्या आधी साक्षी-वैष्णवी यायच्या आणि त्याच्याही आधी मनीषा-वैशाली. पण फोनवरच्या नावांच्या याद्यांवर विसंबू नकोस. तिथे प्रत्येक नावापुढं 'संस्कृत, अर्थ तेजस्वी' नाहीतर 'देवाची देणगी' लिहिलेलं असतं. कियारासुद्धा तिथे संस्कृत करून टाकलेलं मी पाहिलंय. वास्तविक इटलीत किआरा म्हणजे उजळ, आणि आयर्लंडमध्ये त्याच्या जवळपास जाणारं एक नाव आहे, त्याचा अर्थ काळी! नाव परक्या भाषेतलं असलं म्हणून वाईट नसतं. फक्त मुलगी उद्या विचारेल तेव्हा तिला खोटा अर्थ सांगायची वेळ येऊ नये.

तुझ्या मायराबद्दल मात्र मला एक गोष्ट माहीत आहे, ती तुला आवडेल. राजस्थानात मायरा म्हणजे बहिणीच्या मुलाबाळांच्या लग्नात मामाकडचे लोक जो आहेर घेऊन येतात तो. माहेरहून आलेली भेट. आमच्या शेजारच्या मारवाडी काकूंच्या मुलीच्या लग्नात मी तो पाहिलाय. भाऊ चुनरी घेऊन दारात उभा आणि या साठीच्या बाईंच्या डोळ्यांना धार लागलेली. आणि नुसत्या कानानं ऐकलं तरी त्यात 'माय' आहेच. नाशिकची माणसं गोदेला गोदामाईच म्हणतात की! तुझं माहेर इतक्या लांब, सासरी बारशाच्या दिवशी तुझ्या बाजूचं कुणी बोललं नाही. मायरा तुला का हवंय, याचं काही कारण इथे सापडतंय का बघ. सापडलं तर ते नवऱ्याला सांगण्यासारखं कारण आहे. नुसतं 'आवडतं' म्हणालीस तर आजीपुढं ते हलकं पडणार.

गोदावरी गावंढळ नाही, हे तूही म्हणतेस. डहाणू-तलासरीच्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं केलं त्या गोदावरी परुळेकर. लोक त्यांना गोदूताई म्हणायचे. आणि तुम्ही राहता तिथून पांडवलेणी किती लांब आहेत? एका रविवारी छकूला घेऊन जा. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. सातवाहनांच्या राजमातेनं स्वतःच्या मुलाचा पराक्रम तिथे कोरून ठेवलाय. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी, दोघेही आईच्या नावानं ओळखले गेले. गौतमी हे गोदावरीचंही एक नाव आहे. तुमच्या मुलीच्या सरकारी कागदांवरही आता तिच्या नावापुढं आधी तुझं नाव येईल, मग वडिलांचं, मग आडनाव. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी राज्यात हा नियम आहे. म्हणून कुठलंही नाव ठरवण्याआधी ही सगळी ओळ मोठ्यानं म्हणून बघा. चारही शब्द एका दमात नीट येतात का, ते त्यातून कळतं.

दोन नावांची अक्षरं जोडायची कल्पना मला पटत नाही. त्यात आजीही राहत नाही आणि तुझी मायराही राहत नाही. अशी नावं मी खूप लिहिली आहेत. वाद मिटवायला केलेली असायची, आणि घरी कुणी ती वापरायचंच नाही.

माझं मत मागितलंस म्हणून सांगते. आजीचं माहेरचं नाव काही वेगळं निघालं नाही, तर मी 'गोदा' ठेवीन. दोन अक्षरं, जिन्यातून हाक मारली तर तिसऱ्या मजल्यावर जाईल अशी. तमिळनाडूतल्या संत-कवयित्री आंडाळ, त्यांचंही नाव गोदा. वर्गात दुसरी गोदा असण्याचा संभव कमी. आणि घरात तू तिला मायरा म्हण, कायम, उघडपणे, नवऱ्यानंही अधूनमधून म्हणावं. पण त्याआधी आठ दिवस एक करा. चार दिवस नवऱ्यानं तिला मायरा म्हणायचं आणि तू गोदा. भरवताना, रागावताना, झोपवताना, गॅलरीतून. पाचव्या दिवसापासून उलट. कागदावर नाव सगळ्यांनाच आवडतं. रात्री तीन वाजता ताप मोजताना तोंडातून कुठलं आपोआप बाहेर पडतं, ते बघा.

आणि बारशाचं काय? ते पुन्हा करा. बाराव्या दिवशीच झालं पाहिजे असं नाही, पहिल्या वाढदिवसाला करता येईल. तुझ्या नवऱ्यानं आणि नणंदेनं त्याआधी तुझ्याशी त्या दिवसाबद्दल बोललं पाहिजे, मनापासून. नाहीतर गोदा म्हणताना तुला दरवेळी ती आतली खोली आठवेल. नणंदेचा मान तिला द्या, पाठीवर धपाटे तिलाच पडू देत. पण या वेळी कानात नाव तू सांग. इचलकरंजीची माणसं बोलव. दाखल्याच्या खिडकीवरही दोघं मिळून जा, चिठ्ठी देऊन एकट्याला पाठवू नकोस.

प्रश्न : मुलीचं नाव 'ऋतुजा' यावर आमचं एकमत आहे. वाद इंग्रजी स्पेलिंगवर आहे. मी म्हणतो 'आर यू', बायको म्हणते 'आर आय', मेहुणी म्हणते सुरुवातीला 'एच' घाला, वेगळं दिसतं.
— एक बाबा, अमरावती

उत्तर : मराठी तोंडाला 'रु' येतं, म्हणून 'आर यू'. हिंदी बोलणारे 'रि' म्हणतात, त्यांचं स्पेलिंग तसं. तुमच्या घरात जे बोलतात तेच लिहा. 'एच' घालू नका. पुढं तिला प्रत्येक खिडकीवर तो समजावून सांगावा लागेल. एकदा ठरलं की दाखला, आधार, शाळा, बँक, सगळीकडे अक्षर न् अक्षर तेच. खिडकीत तोंडी सांगू नका, मोठ्या छापील अक्षरांत कागदावर लिहून न्या, मराठीत आणि इंग्रजीत. आणि दाखला हातात पडला की तिथेच उभं राहून वाचा. आईचं नावही वाचा. एक मुलगी सतरा वर्षांनी पासपोर्टसाठी माझ्याकडे आली होती, दाखल्यावर आईच्या नावातलं एक अक्षर गळलेलं. तिची आई तोवर हयात नव्हती. ते एक अक्षर मिळवायला त्या पोरीला चार महिने लागले.

प्रश्न : ताई, मला नात झाली. हस्त नक्षत्र, तिसरं चरण. गुरुजींनी 'ण' अक्षर काढून दिलं. मुलगा आणि सून 'ईशा' नाव ठरवून बसलेत. अक्षर सोडून नाव ठेवू नये असं मला वाटतं. मी बोललो की सून गप्प होते, मुलगा उठून जातो. पुढच्या गुरुवारी बारसं आहे.
— एक आजोबा, सोलापूर

उत्तर : भाऊ, नातीचं अभिनंदन. तुमचं मन मोडणार नाही, पण सुनेचंही मोडू देणार नाही.

हस्ताची चार अक्षरं पू, ष, ण, ठ. आता 'ण' नं सुरू होणारं नाव मराठीत कुठून आणायचं? सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाची चार चरणं, अशा एकशेआठ जागांना अक्षरं वाटून दिलेली आहेत. त्यात आर्द्रेच्या वाट्याला 'ङ' आलाय आणि उत्तराभाद्रपदेच्या वाट्याला 'ञ'. अशा वेळी त्याच नक्षत्राचं दुसरं अक्षर घ्यायची पद्धत आहे. हस्ताचा 'पू' घेतला तर पूर्वा आहे, पूर्णिमा आहे.

पण मूळ गोष्ट वेगळीच आहे. नामकरणाच्या विधीत एक नाव नसतंच. कुलदेवतेवरून एक, महिन्यावरून एक, नक्षत्रावरून एक आणि चौथं व्यवहारातलं, अशी चार नावं सांगितलेली आहेत. नक्षत्राचं ते आपलं नावरस नाव. ते पत्रिकेत असायचं, व्यवहारात फारसं घ्यायचंच नाही अशी जुन्या लोकांची चाल होती. माझं नावरस नाव मला लग्नाच्या वेळी पत्रिका काढली तेव्हा कळलं. तोवर आमच्या घरात ते कुणी एकदाही उच्चारलं नव्हतं. तेव्हा मुलगा-सुनेनं ईशा ठेवलं म्हणून तुमचं शास्त्र कुठे सुटलं? त्यांनी चौथं नाव ठरवलंय. तिसरं अजून मोकळं आहे, आणि ते तुम्हाला ठरवता येईल.

सुनेला स्वतः जाऊन सांगा, मुलाकरवी नको. म्हणा, 'ईशा छान आहे. पत्रिकेत मी पूर्वा लिहू का?' विचारा तिला, सांगू नका. ती गप्प होते म्हणालात. माझ्या वरच्या उत्तरातली मेथीची भाजी पुन्हा एकदा वाचा.

आणि गुरुवारी तांदळाचं ताट जरा मोठं घ्या. दोन्ही नावं त्यात मावली पाहिजेत.